आजीचा अंगठा

"बाई, हिच्या बापाची सही मिळायची न्हाई," खुर्चीवर बसायच्या आधीच आजी म्हणाल्या. शेजारी अकरावीत शिकणारी नात, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

2023 चा जानेवारी होता. बीड जिल्ह्यात तेव्हा निम्मी गावं रिकामी असतात. कोयता घेऊन माणसं ऊस तोडायला कारखान्यांच्या फडात गेलेली असतात. हिचे आईवडीलही टोळीबरोबर कर्नाटकात होते. उचल घेतलेली, मुकादम मधेच सोडणार नाही. आणि बापाला कळलं तर तो पोरीला जिवंत ठेवायचा नाही, असं आजींचं म्हणणं.

नातीची पाळी चुकल्यावर दोघी आधी दुसऱ्या एका दवाखान्यात गेल्या होत्या. तेव्हा आठ आठवडे झाले होते, गोळ्यांनी भागलं असतं. "बापाची सही आणा" म्हणून त्यांना परत पाठवलं. माझ्याकडे आल्या तेव्हा सोनोग्राफीत साडेअकरा आठवडे दिसले. माझ्या गर्भपात केंद्राला बाराच आठवड्यांपर्यंतची मान्यता आहे.

त्या वाया गेलेल्या दिवसांचा राग मला आजही येतो. कारण 1971 च्या गर्भपात कायद्यात बापाची सही कुठेच मागितलेली नाही. अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते हे खरं. पण पालक म्हणजे कोण, हे त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात सांगितलंय: त्या मुलीची देखभाल जिच्याकडे आहे ती व्यक्ती. मी आजींना विचारलं, शाळेच्या कागदांवर कोण सही करतं? "माझाच अंगठा. चौथीपासून माझ्याजवळच हाय की ती."

मग आजींना बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलले. तुला काय हवंय, हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तिला शिकायचं होतं. मुलगा तिच्याच वर्गातला. "मनाविरुद्ध काही झालं का?" तिनं मान हलवली, नाही. पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं, पुन्हा नाही.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात मात्र अठराखाली मर्जीला अर्थ नाही, आणि पोलिसांना कळवलं नाही तर डॉक्टरच गुन्हेगार. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी हे सांगितलं होतं. पोलीस हा शब्द ऐकून ती उठली ती परत आलीच नाही. तिनं पुढे काय केलं असेल, कुणाच्या हाती लागली असेल, हे मनातून जात नाही. यावेळी माझ्या हाताशी सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2022 चा निकाल होता. मुलीनं आणि पालकानं विनंती केली, तर कळवताना तिची ओळख द्यायची गरज नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दोघींनी तशी विनंती लिहून दिली. संमतीपत्र मी मोठ्यानं वाचलं, आजींनी अंगठा उठवला, खाली नातीचीही सही घेतली. कायदा तिची सही मागत नाही. मला ती हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी साफ केली. दुपारी पोलीस ठाण्याला पत्र गेलं आणि संध्याकाळी फोन आला. "मॅडम, नाव कुठंय?" मी निकालातला परिच्छेद वाचून दाखवला. पलीकडचा आवाज चढला, "म्हणजे आम्ही तपास कुणाचा करायचा?"

तो प्रश्न खोटा नव्हता. तिचं 'नाही' घाबरून आलेलं असतं तर? नाव झाकल्यानं एखादा नराधमही झाकला जाऊ शकतो, हे मला कळतं. तरी नाव द्यायचंच ठरलं, तर पुढची मुलगी माझ्यापर्यंत येणार नाही, ती कुठल्या तरी भोंदूकडे जाईल. मी नाव दिलं नाही.

पंधरा दिवसांनी ती तपासायला आली. सगळं ठीक होतं. जाताना दारात थांबली. "मॅडम, त्या कागदावर माझं नाव खरंच न्हाई ना?"

मी फाइल काढून पत्राची स्थळप्रत तिच्या हातात दिली. तिनं ती उभ्यानं दोनदा वाचली, जशीच्या तशी परत दिली आणि आजींचा हात धरून एसटी गाठायला निघाली.