जळका वास

संगणकाचा पडदा एकाएकी काळा पडला आणि आमच्या राजारामपुरीतल्या घरात जळका वास पसरला. "आणखी खेळा रात्र रात्र!" म्हणून मी चिरंजीवांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. पोरगा बिचारा मान खाली घालून उभा.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या कारागिराने पेटी उघडली. ग्राफिक्स कार्ड काढून पडद्याची वायर थेट मदरबोर्डला जोडली, तर चित्र उमटले. कार्डच गेले होते! मी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिले.

पण कारागीर हट्टी. त्याने दुकानातले जुने कार्ड बसवून मीटर लावला. खेळ रंगात आला की कार्डाची भूक वाढते. तशी ती वाढताच 12 व्होल्टच्या तारेवरचा आकडा 11 च्याही खाली घसरला.

"11.4 च्या खाली जाता कामा नये, सर. पॉवर सप्लाय हलका आहे. नवं कार्ड घातलं तर तेही जळंल. कुणी आणला हा?"

मीच! आठशे रुपये वाचवले म्हणून घरभर बढाईही मारली होती. (मॅट्रिकला विजेच्या धड्यात गोते खाल्लेला माणूस मी!)

चांगला सप्लाय घेतला. कार्डापुरते पैसे उरले नाहीत. घरी येऊन म्हटले, "चूक माझी होती रे."

पेटीतून डोके वर न काढता तो म्हणाला, "बाबा, अर्थिंगपण तपासून घेऊया."