चवली

आमच्या घरात ‘दुआणी’ कुणी म्हणत नसे. दोन आण्यांचं नाणं म्हणजे चवली. रुपयाच्या दोन अधेल्या, चार पावल्या, आठ चवल्या. हे पाढ्यांच्याही आधी पाठ झालेलं. माझ्या लहानपणची चवली चौकोनी होती, कोपरे गोलसर, एका अंगाला अशोकस्तंभाचे सिंह आणि दुसऱ्या अंगाला बैल. आजी मात्र तिला चवली मानायलाच तयार नसे. तिची चवली चांदीची, जेमतेम दीड ग्रॅमची. पहिल्या महायुद्धात चांदी टंचाईत आली आणि १९१८ पासून ही चौकोनी निघाली, तेव्हापासून आजीचा सरकारवर राग होता.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. अधेलीला पन्नास पैशांत जागा मिळाली, पावलीला पंचविसांत. चवलीच्या वाट्याला आले साडेबारा! साडेबाराचं नाणं कोण पाडणार? जुनी-नवी नाणी काही वर्षं एकत्र चालली. त्यांच्या तक्त्यात दोन आण्यांचे बारा नवे पैसे होते आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे दोन चवल्या वेगवेगळ्या दिल्या की चोवीसच. या एका पैशावरून आजी आमच्या भाजीवालीशी सकाळभर भांडली. भाजीवालीही खमकी. “दोन्ही एकदम द्या, पंचवीस धरते. एकेक द्याल तर बारा नि बारा.” आजीने मग दुसऱ्या चवलीची कोथिंबीर तिथल्या तिथे घेतली, गरज नसताना.

नाणं गेलं, पण शब्द पावलीच्या आधाराने टिकला. वडिलांनी घर बांधलं ते चवल्यापावल्या जमवून, असं आई सांगे. त्यात कर्ज किती होतं ते सांगत नसे. मीही पगाराबद्दल तेच म्हणत आलो. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसेही चलनातून गेले. जोडशब्दातली दोन्ही नाणी आता इतिहासजमा.

परवा सोसायटीच्या सभेत मी लिफ्टच्या बिलातल्या चारशे रुपयांचा खुलासा मागितला. आमचे सेक्रेटरी तिशीतले, आण्याचं तोंडही न पाहिलेले. ते वैतागून म्हणाले, “काका, चवल्यापावल्यांचा हिशोब कशाला काढता?”

खुलासा मी तरीही लेखी मागितला आहे.