आधी ‘कोण?’, मग कडी

सदाशिव पेठेत बेल वाजली की आतून आधी ‘कोण?’ येतं, कडी मग निघते. बाहेरचे लोक यावर विनोद करतात. करोत बापडे! कॉम्प्युटरच्या बाबतीत मला हीच रीत बरी वाटते.

मैत्रिणींनो, आमच्या सासूबाईंच्या पाककृतींच्या दोन वह्या वाळवीने खाल्ल्या. लेकीने पानं आधीच स्कॅन केली होती म्हणून लोणची-पापडांची मापं वाचली. आता ती फक्त कॉम्प्युटरमध्ये आहेत, आणि तिथलीही वाळवी असतेच. 2017 च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. तो फाइली पळवत नव्हता, जागच्या जागी कुलूपबंद करून किल्लीसाठी 300 डॉलर मागत होता.

अँटिव्हायरसकडे ओळखीच्या चोरांची यादी असते. अपडेट म्हणजे ती यादी ताजी करणं. पण नवा चोर यादीत कुठून असणार? म्हणून तो वागणुकीवरही नजर ठेवतो. एखादा प्रोग्रॅम भराभर फाइलींमागून फाइली बदलू लागला की त्याला थांबवतो. याशिवाय काही फोल्डर राखीव ठेवता येतात: विश्वासातले प्रोग्रॅम सोडून कुणालाही तिथे बदल करता येत नाही. विंडोज 10 मध्ये 2017 पासून ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाने ही सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. वेगळा अँटिव्हायरस घेतला असेल तर त्याच्यातली अशी सोय शोधा.

या धंद्यात पुण्याचंही नाव आहे बरं का! क्विक हील इथलंच. रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या संजयने नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस लिहिला. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

परवा लेकीचा फोटो सजवायचा प्रोग्रॅम अडला. “आई, बंदच करून टाक ना ते!” मी म्हटलं, “थांब. कुठून घेतलास ते आधी सांग.” कंपनीच्या साइटवरून घेतला होता, मग तेवढ्या एकालाच परवानगी दिली. एका पाहुण्यासाठी दार सताड उघडं टाकायचं नसतं.

तरी राखणदार चुकू शकतो. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे. तो कॉम्प्युटरला लावून ठेवत नाही. लावलेला असला तर त्यावरच्या फाइलींनाही कुलूप बसतं. माझा कपाटात असतो, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेर निघतो.