तांबडा शिक्का

पंचेचाळिशीतल्या शाळामास्तराने रात्री संगणकावर खेळत बसावे, हे आमच्या घरात कुणालाच रुचत नाही. पण उत्तरपत्रिका संपल्या की मी बसतोच. मध्यंतरी 'स्टारड्यू व्हॅली'त शेती केली. खेळ गोड खरा. पण जिथे सावकार फिरकत नाही, त्या शेतात माझे मन फार दिवस रमेना.

मग लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज' हाती आला. तो २०१३ सालचा. त्यात आपण सरहद्दीवरचे तपासनीस. कागद पाहायचे, शिक्का मारायचा. माणसागणिक मजुरी, चुकांना दंड. घरी बायकापोरांच्या अन्नाची नि उबेची विवंचना! एक गृहस्थ आत जाताना म्हणाला, मागून बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नव्हता. मी तांबडा शिक्का मारला. वास्तविक रोजच्या पहिल्या दोन चुका तिथे माफ असतात.

खेळ तसाच टाकून उठलो. गेल्या गळीत हंगामात एका ऊसतोडकऱ्याच्या पोरीला, दाखला नाही म्हणून, मी शाळेच्या दारातूनच परत पाठवले होते. दाखल्यावाचून प्रवेश अडवू नये, असे २००९ चा कायदा सांगतो. मला तो ठाऊक होता. तिची आई काही बोलली नाही. पोरीच्या हातातली पाटी तेवढी तिने आपल्याकडे घेतली.