कळ लपवू नका, माउली

माउली, मी धुळ्याचा. अँजिओप्लास्टीनंतर दुसऱ्या वर्षी, डॉक्टरांना विचारून, कोथळीहून आदिशक्ती मुक्ताईच्या पालखीसोबत निघालो. दोन दिवस मृदंग गळ्यात होता. तिसऱ्या सकाळी छाती दुखू लागली. बोटाने दाबलं की दुखे, कूस बदलली की दुखे. कुणाला सांगितलं नाही; घरी परत पाठवतील असं वाटलं. त्याला मी श्रद्धा म्हणत होतो, खरं तर ती भीती होती.

विणेकरी बुवांनी चेहरा ओळखला, दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. दुखणं बरगड्यांजवळच्या स्नायूंचं निघालं. पण ते मी स्वतः कसं ठरवणार होतो?

दाबल्यावर दुखतं ते बहुधा स्नायूचं. तरी हृदयरोग्याने तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. छातीवर ओझं, चालताना वाढणारी कळ, हातात किंवा जबड्यात जाणारी वेदना, घाम, दम, मळमळ, यांतलं काहीही जाणवलं तर तिथेच बसा, शेजाऱ्याला सांगा. जपमाळेचे मणी १०८, रुग्णवाहिकेचा क्रमांकही १०८. मधुमेह असेल तर कळ सौम्य असू शकते, कधी नसतेही. एकादशीलाही गोळ्या चुकवू नका.

बुवांनी मृदंग दुसऱ्याच्या गळ्यात दिला. मी टाळ घेऊन पंढरीला पोचलो. रामकृष्ण हरी.