कोहिमाची वाट आणि पाट्यांवरची नावे

आगगाडीने दिमापूरला उतरले की पुढे कोहिमापर्यंत सुमारे 70 किलोमीटरचा घाटरस्ता आहे. नागालँडमध्ये शिरायला बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. तो आधीच काढून ठेवावा. आम्ही एका सुमो गाडीत दाटीवाटीने बसलो आणि निघालो.

चुमुकेदिमा मागे पडले की चढ सुरू होतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी. बांबूची बेटे, रानकेळी आणि मध्येच रस्त्यावर उतरलेले ढग. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात, म्हणून मुलाबाळांसह जायचे तर हिवाळ्यातच जावे. कोहिमाच्या आसपास अंगामी नागा शेतकऱ्यांनी डोंगर कापून केलेली भाताची खाचरे दिसतात. कोकणातल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटतील.

कोहिमा डोंगराच्या धारेवर वसले आहे. रस्ता या धारेला वळसा घालून पुढे मणिपुरात इंफाळला जातो. 1944 साली इंफाळच्या ब्रिटिश-भारतीय फौजेची रसद याच रस्त्याने जात होती. म्हणजे धार ज्याच्या हाती, रस्ता त्याच्या हाती. तो तोडण्यासाठी जपानची 31 वी डिव्हिजन ब्रह्मदेशातून चालून आली. मार्चअखेर मणिपुरातील सांगशाक येथे तिला काही दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती. त्यामुळे कोहिमाला तयारीसाठी थोडा वेळ मिळाला.

4 एप्रिलला कोहिमाची लढाई सुरू झाली. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याजवळ टेनिस कोर्ट होते. त्याच्या एका बाजूला एक फौज, दुसऱ्या बाजूला दुसरी. चेंडू टोलवायच्या जागेवरून हातबॉम्ब फेकले गेले. अखेर जपानी सैनिकांना भुकेने गाठले. मागून अन्न येईना, तेव्हा त्यांचे सेनापती सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. 22 जूनला कोहिमा व इंफाळ या दोन्ही बाजूंनी आलेल्या तुकड्या 109 व्या मैलाजवळ भेटल्या आणि रस्ता मोकळा झाला.

आज त्या उतारावर युद्धस्मशानभूमी आहे. हिरवळीत टेनिस कोर्टाच्या रेषा जपून ठेवल्या आहेत. येथे 1,420 कबरी आहेत. त्यांतील 141 जणांची ओळख पटलेली नाही. दहन केलेल्या 917 हिंदू व शीख सैनिकांची नावे वेगळ्या स्मारकावर कोरली आहेत. अधिकारी असो वा साधा शिपाई, कबरीवरची पाटी सारख्याच मापाची. जिवंतपणी एका पंगतीला न बसलेली माणसे येथे एका ओळीत आहेत. आम्ही बराच वेळ नुसती नावे वाचत फिरलो.

पण पाट्यांवर न आलेली माणसेही पुष्कळ आहेत. दारूगोळा आणि अन्न पाठीवर वाहून नेणारे, जखमींना डोंगरावरून उतरवणारे, वाट दाखवणारे नागा गावकरी. लढाई त्यांची नव्हती. तरी तोफांखाली घरे त्यांची गेली. त्यांनीच नंतर कोहिमा पुन्हा उभे केले.

ही वाट पाहायला जाल तेव्हा देखाव्याचे फोटो जरूर काढा. मात्र मुलांना त्या पाट्यांपाशी न्या आणि चार नावे मोठ्याने वाचायला सांगा. मग ओझी वाहणाऱ्यांची गोष्टही त्यांना सांगा. ती त्या पाट्यांवर कोरलेली नाही, म्हणून ती आपणच सांगायची.