आजीचं बोट कुठे अडतं?

बालमित्रांनो, पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. घरातला कॅल्क्युलेटर आणि मोबाईल शेजारी शेजारी ठेवा. मोबाईलवर फोन लावायचे आकडे उघडा आणि दोन्हींची वरची ओळ पाहा. फोनवर १, २, ३ आणि कॅल्क्युलेटरवर ७, ८, ९! आकडे तेच, मांडणी मात्र उलटी. असं का बरं?

पूर्वी फोनची तबकडी बोटाने गरागरा फिरवून नंबर लावायचे. मग बटणांचा फोन करायचं ठरलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. आकडे कसे मांडायचे हे त्यांच्या गटाने खोलीत बसून ठरवलं नाही. कुठे गोलात, कुठे दोन ओळींत, कुठे तीन ओळींत अशा नाना मांडण्या केल्या आणि लोकांना नंबर लावायला दिले. वेळ किती लागला, चुका किती झाल्या, लोकांना काय आवडलं, सगळं टिपून घेतलं. त्यातून आजची मांडणी निघाली आणि १९६३ साली तो फोन बाजारात आला. कॅल्क्युलेटरने मात्र जुन्या बेरजेच्या यंत्रांची मांडणी तशीच पुढे चालवली.

दुसरी गोष्ट तर स्वयंपाकघरातली आहे. पैसे देणारं एटीएम यंत्र तुम्ही पाहिलंच असेल. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळच्या एनफील्ड इथे एका बँकेत असं यंत्र सुरू झालं. ते करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, बरं का! गुप्त क्रमांक सहा आकडी ठेवावा, असा त्यांचा विचार होता. त्यांनी तो घरी बायकोला सांगितला. ती म्हणाली, माझ्या तर चारच आकडे लक्षात राहतात. झालं! क्रमांक चार आकडी झाला. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

आता या दोन्ही गोष्टींत सारखं काय आहे? वस्तू करणाऱ्याने वापरणाऱ्याला विचारलं. 'तुम्हाला लक्षात ठेवता येत नाही, हा तुमचा दोष' असं कोणी म्हटलं नाही. या विद्येला आज 'यूजर एक्स्पीरियन्स' म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. नाव भारदस्त आहे, पण सुरुवात साध्या गप्पांतूनच होते.

आपल्या देशातलं याचं एक मोठं उदाहरण मी अगदी जवळून पाहिलं आहे. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचं काम असतं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत मी एका मतदान केंद्रावर होते. सकाळी एक वाकलेल्या आजी आल्या. त्यांनी अंगठा उठवला, बोटाला शाई लावून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकट्याच गेल्या. तिथे काय करायचं हे त्यांना कोण सांगणार? मतदान गुप्त असतं ना! पण यंत्रावर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे फोटो आणि चिन्ह होतं. शेजारी निळं बटण होतं. अंध माणसांसाठी ब्रेल आकडेही होते. आजींनी बटण दाबलं की तिथला तांबडा दिवा लागतो, शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग लांब शिट्टीसारखा आवाज होतो. तो आवाज मला बाहेर ऐकू आला. आजींना कळलं, मत पडलं. मलाही कळलं, मत पडलं. कोणाला पडलं ते मात्र फक्त आजींनाच ठाऊक!

ही चिन्हं आली कुठून? १९५१ साली देशात शंभरातल्या अठरा जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. मग पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर चित्र लावलं. 'आधी वाचायला शिका, मग मत द्या' असं आपल्या देशाने सांगितलं नाही. मांडणीच अशी केली की न शिकलेल्या माणसालाही आपलं मत आपल्या हाताने देता यावं.

ही हकिकत मी माझ्या चौथीच्या वर्गात सांगितली. लगेच एक जण म्हणाला, "बाई, माझ्या आजीला मोबाईल येतच नाही. शंभरदा सांगितलं तिला!"

मी विचारलं, "तिचं बोट नेमकं कुठे अडतं?"

उत्तर आलं नाही. मग मी गृहपाठ दिला. आजी-आजोबा फोन वापरत असताना शेजारी बसायचं, हात पाठीमागे ठेवायचे, मध्ये बोलायचं नाही आणि ते कुठे थांबतात ते वहीत लिहायचं.

चार दिवसांनी वह्या आल्या. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं अंगणातल्या उन्हात दिसतच नाहीत. मागे जायच्या बाणापुढे काहीच लिहिलेलं नाही. शेतात काम करून बोटं राठ झाली आहेत, ती नीट टेकत नाहीत. एका मुलीने लिहिलं होतं, 'आजीने रिचार्जचं बटण दाबलं. काहीच झालं नाही म्हणून परत दाबलं. रिचार्ज दोनदा झाला. आजी म्हणाली, मीच अडाणी. आता ती दुकानात फोन देते आणि गुप्त नंबरही सांगते.'

वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्या फोननेपण मतदान यंत्रासारखं वाजायला पाहिजे होतं!"

अगदी बरोबर! बटण दाबल्यावर 'कळलं, काम चालू आहे' एवढं त्या फोनने सांगितलं असतं, तर आजीचे पैसे वाचले असते. आणि पैशांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे आपला नंबर दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ तिच्यावर आली नसती. फोन कोणीतरी घाईत बनवला, आणि अडाणी मात्र आजी ठरली!

पालकांनाही एक विनंती आहे. घरातली म्हातारी माणसं काही विचारू लागली की आपण फोन हातातून घेतो आणि काम उरकून टाकतो. त्याऐवजी फोन त्यांच्याच हातात राहू द्या. अक्षरं मोठी करून द्या, भाषा मराठी करून द्या. आणि गुप्त नंबर ज्याचा त्यानेच दाबायचा, नातवालाही सांगायचा नाही.

तर दोस्तांनो, या रविवारी हात पाठीमागे ठेवून बसा बरं आजीशेजारी! वहीत तीन जागा टिपा आणि प्रत्येक जागेपुढे 'इथे काय बदललं तर आजीला जमेल?' याचं उत्तर लिहा. चित्र काढलंत तर आणखी छान. तुमच्यातलेच काही जण उद्या असे फोन, अशी यंत्रं बनवणार आहेत. त्या वेळी ही वही जवळ असू द्या.